जुलैची हजेरी, मार्चचं हॉल तिकीट

दहावीचा निकाल लागला की उमरखेडच्या बाजारात, बस स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, जो भेटेल तो एकच विचारतो, "मॅडम, शाळेचा निकाल किती?" टक्का सांगितला की बोलणं संपतं. मी गणित शिकवते, टक्क्याशी माझं वैर नाही. पण माझ्या वर्षाचा हिशेब त्या टक्क्यात बसत नाही. नववीच्या जुलैत हजेरी घेताना जी नावं मी पहिल्यांदा उच्चारली, त्यांतली किती नावं दहावीच्या मार्चमध्ये हॉल तिकिटावर छापून आली, हा माझा हिशेब. निकालाचा टक्का परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. जी मुलं तिथवर पोचलीच नाहीत त्यांना त्यात जागा नसते. हायस्कूलच्या शिक्षकाच्या मनाला वर्षभर जे चढउतार सोसावे लागतात, ते बरेचसे या न मोजलेल्या मुलांपायी.

उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिण टोकाचा तालुका. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पुढे, नांदेड त्यापेक्षा जवळ. पलीकडे हदगावात शाळा जूनच्या मध्यावर भरतात. आम्ही विदर्भात, म्हणून उन्हामुळे आमच्या शाळा जूनअखेर उघडतात. वर्गात गावातली मुलं असतात, आजूबाजूच्या खेड्यांतली असतात, तांड्यांवरची बंजारा मुलं असतात, आणि पैनगंगा अभयारण्याच्या अंगाला जो बंदी भाग आहे तिथली आंध, गोंड मुलंही असतात. मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर एसटीनं येतात. सकाळची एसटी चुकली की त्यांचा अख्खा दिवस बुडतो, म्हणून पहिल्या तासाला दाराकडे बघायची मला सवयच लागून गेली आहे.

जुलै हा माझा आवडता महिना. नवा वर्ग असतो, कोण कसं आहे ते अजून कळायचं असतं, आणि कुणाबद्दलही मनात निराशा नसते. मग पहिली चाचणी घेते आणि पोटात गोळा येतो. एका बाकावर वर्गमूळ काढणारी मुलगी आणि तिच्या शेजारी सातचा पाढा अडखळत म्हणणारा मुलगा. दोघंही नववीत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. कायद्याचा हेतू चांगलाच होता. नापासाचा शिक्का बसून शाळा सुटलेली कितीतरी पोरं आम्ही पाहिली आहेत. राहिलेलं त्या त्या वर्षी भरून काढायचं, ही त्यातली दुसरी अर्धी बाजू मात्र तितक्या नेटानं झाली नाही. 2023 मध्ये राज्यानं पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. तरी साचलेलं सगळं नववीच्या दारात येऊन पडतं ते पडतंच.

हाच कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहं निघाली तीही याच वयाच्या मुलांसाठी. म्हणजे आठवीपर्यंत मूल शाळेत नसलं तर ते शोधायची कुणाची तरी सरकारी जबाबदारी असते, यादी असते, सर्वेक्षण असतं. नववीत पाऊल टाकलं की ती दोरी सुटते. मुलगी पंधरा वर्षांची झालेली असते, धाकट्या भावंडाला सांभाळण्याइतकी, कापूस वेचण्याइतकी, आणि कुणाकुणाच्या मते लग्नाइतकी. लोकांना वाटतं हायस्कूलचा कठीण वर्ग दहावी. मला विचाराल तर नववी.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 साली शाळामास्तरांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं आहे की शिक्षकाला खरं समाधान पगारातून किंवा बढतीतून फारसं मिळत नाही, ते मिळतं एखाद्या मुलापर्यंत आपण पोचलो या जाणिवेतून. आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत बेभरवशाची असते. पोचलो की नाही हे त्या दिवशी कळत नाही, पुष्कळदा कधीच कळत नाही. शिवणारी बाई संध्याकाळी ब्लाऊज उलटा करून टाका तपासू शकते. मला तशी सोय नाही. आमचं मन वरखाली होण्याची निम्मी कारणं इथे आहेत.

समाधान मिळतं तेव्हा ते कसं दिसतं, ते सांगते. दहावीला दोन चलांतली रेषीय समीकरणं चालली होती. वह्या आणि पेनांच्या किमतीची शाब्दिक उदाहरणं, वर्ग कंटाळलेला. मागच्या बाकावर तांड्यावरची एक मुलगी, नववीपासून माझ्या वर्गात, बोलायला सांगितलं तरच बोलणारी. घरची भाषा गोरमाटी, त्यामुळे पुस्तकातलं मराठी उदाहरण तिला आधी भाषेतच अडवतं. मी फळा पुसला आणि लिहिलं: ऊसतोडीला गेलेला एक कोयता. एका आठवड्यात बापानं सहा दिवस ऊस तोडला, याडीनं पाच दिवस, ऊस भरला अकरा टन. पुढच्या आठवड्यात दोघंही सहा सहा दिवस कामावर, ऊस भरला बारा टन. एकेकट्याचा दिवसाचा ऊस किती?

याडी म्हणजे आई, आणि ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. तिला सांगावं लागलं नाही. ती स्वतःहून उठली. बापाचा क्ष, याडीचा य. दोन समीकरणं एकाखाली एक मांडली, वजा केली, य बरोबर एक. मग क्ष बरोबर एक. खडू हातात तसाच धरून ती फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दोघायचा सारखाच येते. मंग उचल बापाच्याच नावानं कामून?"

मुकादम जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. वर्ग आधी हसला, मग मुली हसायच्या थांबल्या. पोरांपैकी एक जण म्हणाला की बाप तोडतो, आई नुसत्या मोळ्या बांधते. त्यावर तिनं त्याला विचारलं, मोळी न बांधता ट्रकात कोण चढवते? तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच होता. मी गेली कितीतरी वर्षं एकसामयिक समीकरणं शिकवते आहे, पण त्या दिवशी समीकरणाचा उपयोग काय असतो ते पहिल्यांदा वर्गात सगळ्यांसमोर उभं राहिलं. घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग दिवाळी येते. आमच्या तालुक्यात पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तरी तांड्यांवरच्या माणसांना कोयता घेऊन दूर जावं लागतं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, कुणी पुण्या-मुंबईला बांधकामावर. दिवाळीच्या सुट्टीत ट्रक येतात. सुट्टी संपून हजेरी घेताना एका नावाशी थांबावं लागतं, मग दुसऱ्या. ज्यांनी सहामाहीला चांगलं लिहिलं होतं त्यांचेही बाक रिकामे. थोड्या दिवसांनी काही परत येतात, काही येत नाहीत. आमच्याकडे कापूस वेचणी तेव्हा ऐन भरात असते, म्हणजे जी मुलं गावात असतात तीही आठवड्यातून दोन-तीन दिवस रानात.

आम्ही दोघी-तिघी जणी तांड्यावर जातो. एका नववीच्या मुलीच्या बापाला मी बरंच काही ऐकवायच्या तयारीनं गेले होते. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, पोरगी हुशार हाय, मला बी ठाव हाय. पण म्हतारी मेली औंदा. हिला इथं कोणाच्या भरवशावर ठेवू?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो अडाणी नव्हता, दुष्ट नव्हता, मुलीवर त्याचा जीव होता. राग काढायला समोर कुणीच नसतं, ही या कामातली सर्वांत जड गोष्ट. बालविवाहाची कुणकुण लागली तर वाट निदान स्पष्ट असते: 2006 चा कायदा आहे, 1098 हा क्रमांक आहे, फोन करायचा. तो केल्यावर त्या वस्तीत पुढची कितीतरी वर्षं लोक आपल्याकडे कसे बघतात, तेही सोसायचं. पण मुलीला सांभाळायला घरात म्हातारी उरली नाही, यासाठी कुठला क्रमांक लावायचा?

अशा फेरीहून दुसऱ्या दिवशी शाळेत आलं की पहिलाच तास आठवीचा असतो. तिथे भौमितिक रचना, आणि मुलं कंपासपेटी घेऊन उत्साहानं बसलेली. त्यांनी काय केलंय माझं? त्यांच्यासमोर चेहरा नीट ठेवूनच जावं लागतं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये याला भावनिक श्रम म्हटलं. विमानातल्या हवाईसुंदरींचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की आतलं एक आणि चेहऱ्यावर दुसरं ठेवणं हेही कष्टाचंच काम असतं, आणि त्याचा थकवा खराखुरा असतो. शिक्षकाच्या कामात हे दर चाळीस मिनिटांनी होतं. एका वर्गात कुणाला रागे भरायचं, घंटा वाजली की तो राग व्हरांड्यातच सोडायचा आणि पुढच्या वर्गात नवं तोंड घेऊन शिरायचं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामातून येणाऱ्या अशा पार थकलेपणाची आपल्या रोगवर्गीकरणात नोंद घेतली. तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण न सावरल्यामुळे येणारी अवस्था आहे, असं म्हटलं. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. मला काही झालेलं नाही, हे काम असंच आहे, एवढं कुणीतरी सांगायला हवं असतं.

आपल्याकडे ते सांगणं अवघड जातं, कारण आपल्यासमोर साने गुरुजी आहेत. अमळनेरच्या शाळेत 1924 ते 1930 ते शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांचे कपडे धूत, त्यांची अंथरुणं आवरत, त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' मासिक काढत. त्यांच्याबद्दलचा माझा आदर लहानपणापासूनचा आहे. तरी दर शिक्षकदिनाच्या भाषणात त्यांचं नाव ऐकताना मनात येतं, की ती सहा वर्षं होती; त्यानंतर गुरुजी सत्याग्रहात गेले. आम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत, म्हणजे तीस-तीस वर्षं, याच वर्गात उभं राहायचं आहे. मनानं इतकी वर्षं तग कशी धरायची हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. बी.एड.ला मानसशास्त्र होतं, पण ते मुलांचं. आदर्शाची पट्टी इतकी उंच लावली की शिक्षक दमलो म्हणायलाच लाजतो.

आमच्या स्टाफरूममध्येही सगळ्यांचं दमणं एकसारखं नाही. हायस्कूलचा शिक्षणसेवक 2023 च्या आधी महिना 8 हजार मानधनावर काम करत होता. त्या वर्षापासून ते 18 हजार झालं. विनाअनुदानित तुकडीवरचे सहकारी तर त्याहूनही कमी पैशांत वर्षानुवर्षं अनुदानाच्या टप्प्याची वाट बघतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून तेवढेच तास घेणारा, माझ्यापेक्षा सुंदर इंग्रजी शिकवणारा तरुण संध्याकाळी दुकानात हिशेब लिहायला जातो. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की आज मला उदास वाटतंय? त्यात मुलं कमी झाली की, मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात. म्हणजे दिवाळीनंतरचा रिकामा बाक आम्हाला दोन प्रकारे टोचतो: मूल गेल्याचं दुःख, आणि त्याच्यामागे कुणाची तरी नोकरी जायची धास्ती. ही दोन्ही दुःखं एकाच मनात एकत्र राहतात, आणि माणूस म्हणून त्याची लाज वाटायचं काही कारण नाही, असं मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते.

एका गोष्टीबद्दल लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. शेजारच्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे शेतकरी साहेबराव करपे यांचं गाव. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी बायकोमुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांची गोष्ट निघाली की तिथूनच सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट वर्तमानपत्रात वाचायची राहत नाही. ती वर्गात येते. तेरवी झाली की मुलगा शाळेत येतो, डोकं भादरलेलं, टोपी घातलेली. वर्गातली मुलं त्याच्याकडे बघत नाहीत, आणि न बघणं त्याला कळतं.

असा एक मुलगा दहावीत होता. मी त्याला जवळ घेऊन काही बोलावं असं मला फार वाटत होतं. पण त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की त्याला ते नको आहे. पंधरा दिवस सगळे त्याच्याशी तेच बोलत होते. अंकगणिती श्रेढीचं उदाहरण फळ्यावर होतं. मी त्याचं नाव नेहमीसारखंच पुकारलं आणि फळ्याशी बोलावलं. तो आला, सूत्र लिहिलं, पहिलं पद, साधारण फरक, एकेक किंमत भरली, आणि एका पायरीला चिन्ह चुकला. मी म्हटलं, "चिन्ह बघ." त्यानं बघितलं, दुरुस्त केलं, आणि मग शेजारच्या पोरानं त्याला नेहमीसारखं चिडवलं. त्या दिवशी वर्ग पुन्हा वर्ग झाला. शिक्षकानं दुःखी मुलासाठी काय करायचं, याचं मला कळलेलं एवढंच: शाळा ही एकच जागा त्याच्यासाठी पूर्वीसारखी ठेवायची. त्याची आई फेब्रुवारीत मला भेटायला आली. पोरगं घरी बोलत नाही, पण शाळेला जायला एक दिवस चुकवत नाही, म्हणाली.

फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडे हळदीचे दिवस. काढणी, शिजवणी, वाळवणी, ढोल फिरवून पॉलिश, सगळं घर त्यात. सराव परीक्षेचे पेपर तपासताना कडेला पिवळी बोटं उमटलेली सापडतात. या मुलानं रात्री कढईखाली जाळ घातला आणि सकाळी त्रिकोणमिती सोडवली, हे मला त्या डागावरून कळतं, आणि मग मी एकेक पायरी अधिक जपून तपासते. गुण वाढवत नाही. पायरी बरोबर असेल तर तिचा गुण सुटू नये, एवढंच.

निकालाचं म्हणाल तर आकड्यांनी आम्हाला वर चढवलं आणि खाली आदळलंही आहे. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांचे अंतर्गत गुण काढल्यावर तो 77.10 वर आला, आणि लोकांनी शिक्षकांना बोल लावले. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा तो 99.95 झाला. त्या वर्षी पेढे वाटले गेले, मलाही मिळाले. पण घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात, अशी मुलं वर्षभर माझ्या ऑनलाइन तासाला कधी दिसलीच नव्हती, आणि सगळी पास होती. शिक्षक म्हणून माझं सर्वांत रितं वर्ष तेच.

2015 पासून जुलैच्या आसपास पुरवणी परीक्षा होते, ही मात्र मनापासून आवडलेली सुधारणा. गणितात राहिलेल्या मुलांना आम्ही निकालानंतर लगेच बसवतो. तेव्हा ना निरीक्षण असतं, ना टक्क्याची घाई, ना कुणी विचारत. पाच-सहा मुलं, एक फळा, आणि ज्यांना आपण ढ आहोत असं वाटतं त्यांना तसं नाही हे दाखवायला भरपूर वेळ. माझे काही सर्वांत चांगले तास तिथे झाले आहेत.

आणि 17 नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं ते या अर्जानं. मागे एक बाई कडेवर पोर घेऊन शाळेत आली. मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं, आणि मला तिचा नववीचा हजेरी क्रमांकही आठवला. दिवाळीनंतर बाक रिकामा झालेल्यांतली ती एक. नवरा फाटकाशी उभा होता. त्यानंच गाडीवर आणलं होतं. अंगणवाडीत मदतनीसाच्या जागेसाठी शिक्षण लागतं, म्हणून तिला बसायचं होतं. मला म्हणाली, "मॅडम, गणित तुमीच घ्या." ती 45 गुण मिळवून गणितात पास झाली. शाळेच्या टक्क्यात ती नाही, कारण ती बाहेरून बसली. माझ्या हिशेबात आहे.

सध्या नोव्हेंबर चालू आहे. फळ्यावर समीकरणं सोडवून उचलीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी यंदा आईबापाबरोबर कर्नाटकात फडावर आहे. तिचा बोर्डाचा फॉर्म भरून झाला आहे. फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या आधी तिला परत पाठवायचं बापानं कबूल केलंय, मावशीकडे राहायची सोयही झाली आहे. तोवर रात्री आठनंतर कोपीपासून थोडं लांब रस्त्यावर गेलं की तिला नेट मिळतं. काल तिनं समरूपतेचा सरावसंच सोडवून फोटो पाठवले. तिसऱ्या उदाहरणात गुणोत्तर उलटं मांडलंय. ते लाल पेनानं दुरुस्त करून आज तिला पाठवायचं आहे, आणि उद्या आम्ही दुसऱ्या तांड्यावर जाणार आहोत. नववीची तीन नावं अजून हजेरीत कोरी आहेत.